रोबोकॉलच्या दंडवसुलीचे विधेयक कसे वाचावे

अमेरिकेत बेकायदा रोबोकॉल, म्हणजे यंत्राने आपोआप लावलेले ध्वनिमुद्रित कॉल, करणाऱ्यांना ठोठावलेल्या दंडाचे आकडे डोळे दिपवतात, पण सरकारी तिजोरीत त्यातले फारच थोडे येते. २०१५पासून २०१९च्या सुरुवातीपर्यंत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी) या दूरसंचार नियामक संस्थेने २० कोटी ८४ लाख डॉलरचा दंड ठोठावला आणि प्रत्यक्षात ६,७९० डॉलर वसूल झाले. त्यामुळे या विषयावरचे विधेयक वाचताना दंड किती वाढवला हे आधी पाहू नये. तो वसूल कोण करणार, ते शोधावे.

काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संकेतस्थळावर विधेयकाचा पूर्ण मसुदा मिळतो. १९३४च्या कम्युनिकेशन्स कायद्याच्या कलम ५०४मध्ये बदल सुचवला आहे का, हे त्यात तपासावे, कारण खरी गाठ तिथेच आहे. दंड भरला गेला नाही तर एफसीसीला स्वतः न्यायालयात जाता येत नाही. प्रकरण न्याय विभागाकडे सोपवावे लागते, त्या विभागाने दावा दाखल केलाच तर जिल्हा न्यायालयात सुनावणी पुन्हा पहिल्यापासून होते, आणि तोवर दोषी कंपनीला गाशा गुंडाळून दुसऱ्या नावाने उभे राहायला पुरेसा अवधी मिळतो. रोबोकॉलविरोधी २०१९च्या ट्रेस्ड कायद्याने दंडापूर्वी ताकीद देण्याची अट काढली आणि हेतुपुरस्सर केलेल्या उल्लंघनासाठी दंड ठोठावण्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली, पण ही गाठ सोडवली नाही. एफसीसीच्या वकिलांना थेट दावा लावू देणारे कलम नसेल, तर माझ्या मते ते विधेयक अपुरे आहे. कंपनीमागच्या मालकांना वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले आहे का, हेही पाहावे.

त्यानंतर आपल्या लोकप्रतिनिधीला एका पानाचे पत्र लिहावे. विधेयकाचा क्रमांक आणि हवे असलेले कलम पहिल्याच परिच्छेदात द्यावे व स्वतःला आलेल्या एखाद्या कॉलचा तपशील जोडावा: तारीख, मिनिटासकट वेळ, स्क्रीनवर दिसलेला क्रमांक आणि “तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे” यांसारखे ध्वनिमुद्रित पहिले वाक्य. हाच तपशील एफसीसीकडे तक्रार म्हणून लगेच नोंदवावा. दिसणारा क्रमांक बनावट असला तरी अचूक वेळेवरून कॉल कोणकोणत्या कंपन्यांच्या जाळ्यातून आला याचा माग काढता येतो. विधेयक सिनेटच्या वाणिज्य समितीत किंवा प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा व वाणिज्य समितीत असेल आणि आपला प्रतिनिधी तिचा सदस्य असेल, तर पत्रात तसा स्पष्ट उल्लेख करून समितीत मतदान होण्यापूर्वीच ते पाठवावे.