हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये पाईपफिटर म्हणून लागलात? या चुका टाळा

सोसायट्यांची कामं करून आलेला फिटर हॉस्पिटलमध्ये लागला की त्याची एक सवय पहिल्या आठवड्यातच घात करते, ती म्हणजे गळती दिसली की आधी व्हॉल्व बंद. सोसायटीत हे बरोबरच आहे, फार तर अर्धा तास कुणाला पाणी मिळत नाही. इथे मात्र पाईपच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बेडवर असतं, आणि ते कोण आहे हे विचारल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही.

मी वागळे इस्टेटच्या आयटीआयचा, आधी ठाण्यात बिल्डिंगची कामं केली आणि मग नवी मुंबईत एका हॉस्पिटलच्या प्लांट रूमला लागलो. एकदा दुसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनच्या आउटलेटमधून फुसफुस आवाज येत होता. कॉरिडॉरमध्ये काचेची पेटी, आत व्हॉल्व, वर स्टिकर ‘जनरल वॉर्ड’. वॉर्डात ऑक्सिजनवर कुणी नाही हे बघून मी हँडल पाईपला आडवं केलं. गेजचा काटा ४ बारवरून खाली सरकायला लागला आणि भिंतीपलीकडून अलार्म वाजला, कारण मागे कधीतरी रिनोव्हेशनमध्ये शेजारचे दोन सिरियस बेड याच लाईनवर घेतले होते आणि स्टिकर बदलायचा राहून गेला होता. सिस्टर धावत आल्या, “दादा, काय बंद केलंत?” मी लगेच उघडलं, पेशंटला काही झालं नाही. पण संध्याकाळी ठाण्याच्या लोकलमध्ये तुर्भे गेलं, घणसोली गेलं तरी माझे हात थरथरत होते.

तेव्हापासून स्टिकरवर विश्वास नाही. फॉल्स सीलिंग उचलून लाईन कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी बघायचं, सिस्टर इनचार्ज आणि डॉक्टरांना सांगायचं, कामाच्या परवानगीच्या कागदावर (परमिटवर) सही घ्यायची, आणि ज्या ज्या बेडला गरज आहे तिथे भरलेला सिलिंडर रेग्युलेटर लावून, चालू करून बघून ठेवायचा, मगच हँडल. परत उघडताना पण सावकाश, ऑक्सिजनचा व्हॉल्व झटक्यात उघडला तर पुढे दबलेला गॅस इतका तापतो की आत काही जळण्यासारखं असलं तर पेट घेतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये म्युनिसिपल हॉस्पिटलच्या टाकीतून ऑक्सिजन गळला, पाईपलाईनचं प्रेशर पडलं आणि २० हून जास्त पेशंट गेले. नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हे सांगतो.

दुसरी चूक तेलाची. पाईपला आटे पाडताना, म्हणजे डाय मारतानाचं ऑइल हाताला असतं, पान्याला ग्रीस असतं, खिशात आट्यांना लावायचा सफेदा-धागा असतो आणि त्याच हाताने माणूस ऑक्सिजनच्या मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडर एकत्र जोडलेले असतात तिथे जातो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगीशिवाय पण पेटू शकतं. त्या लाईनचे पाने वेगळे, हातमोजे वेगळे, टेप पण ऑक्सिजनला चालणारीच.

कॉपरच्या ब्रेझिंगला, म्हणजे गॅसचे पाईप तापवून जोडताना, आतून नायट्रोजन न सोडणं ही तर मला सगळ्यात जास्त राग येणारी चूक आहे, कारण ती बाहेरून दिसत नाही. जॉइंट मस्त दिसतो, प्रेशर टेस्टला पास होतो, आणि आत काळी पापडी धरलेली असते जी पुढे सुटून आउटलेटमध्ये, व्हेंटिलेटरच्या फिल्टरमध्ये जाते. तसंच लाईन कापून जोडली की एका वेळी एकच गॅस सोडून प्रत्येक आउटलेट तपासा, ऑक्सिजन अ‍ॅनलायझर लावूनच. ऑक्सिजन, नायट्रस (भूल देतानाचा गॅस) आणि एअर तिन्ही साधारण ४ बारलाच चालतात, त्यामुळे आत चुकीचा गॅस असला तरी गेज सांगणार नाही.

आता डायलिसिस. एका रात्री आरओ लूपचं, म्हणजे मशीनला शुद्ध पाणी नेणाऱ्या लाईनचं, प्लास्टिकचं निप्पल (छोटा जोडतुकडा) तडकलं, स्टोअरला पितळी होतं, सोबतच्या फिटरने तेच काढलं, म्हणाला आत्तापुरतं लावू, सकाळी बदलू. टेक्निशियन ताईंनी ते त्याच्या हातात बघितलं आणि तिथेच थांबवलं. आरओचं पाणी मिनरल काढलेलं असतं, ते पितळेतलं तांबं आणि जस्त ओढून घेतं. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, डायलिसिसच्या एका ४ तासांच्या सेशनला साधारण १२० लिटर पाणी मशीनमधून जातं आणि पेशंटच्या रक्तात आणि त्या पाण्यात फक्त एक पातळ पडदा असतो. पाण्यातलं तांबं तांबड्या पेशी फोडतं. आरओच्या पुढे पितळ, तांबं, जीआय काहीही नको, आणि त्या लाईनचे स्पेअर वेगळ्या खोक्यात प्लांट रूमलाच ठेवा, रात्री स्टोअरवर अवलंबून राहू नका.

गरम पाण्याच्या लाईनला बेसिन काढलं की आपण टोकाला प्लग मारतो आणि विसरतो. त्या आंधळ्या तुकड्यात पाणी कोमट होऊन पडून राहतं, आणि साधारण २० ते ४५ डिग्रीत लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, ज्याने आधीच आजारी माणसाला न्यूमोनिया होतो. तुकडा मेन लाईनच्या टी पासूनच काढा. टाकी ६० डिग्रीला, टाकीकडे परत येणारी रिटर्न लाईन ५० च्या वर, आणि पेशंटच्या नळाला मिक्सिंग व्हॉल्व, नाहीतर कातडी भाजेल. बंद असलेल्या रूमचे नळ दर आठवड्याला सोडायचे.

स्टीमला थोडक्यात: सकाळी सीएसएसडीची (ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करतात त्या विभागाची) लाईन चालू करताना आधी ड्रेन उघडून साचलेलं पाणी काढा, मग व्हॉल्व हळूहळू. धाड धाड आवाज आला म्हणजे पाणी राहिलंय, ते एल्बो फोडू शकतं.

पावसाळ्यात एसीच्या चिल्ड वॉटरच्या ७ डिग्रीच्या पाईपवर इन्सुलेशनला बोटभर जरी फट राहिली तरी आपल्याकडच्या दमट हवेत पाईप घामेजतो, सीलिंग ओलं होतं, बुरशी धरते. खालून डाग रंगवून काही होत नाही, फट बंद करा. आयसीयूजवळचं सीलिंग उघडायचं असेल तर इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना विचारून आणि प्लास्टिकचा आडोसा करूनच, त्या धुळीत बुरशीचे कण असतात. पेशंटच्या सक्शनच्या व्हॅक्यूम लाईनचा फिल्टर बदलताना मास्क, ग्लोव्हज, चष्मा, आणि जुना फिल्टर बायोमेडिकल पिशवीत, भंगारात नाही.

ड्युटी संपताना रजिस्टरमध्ये नुसतं ‘काम चालू’ लिहू नका. कुठला व्हॉल्व उघडा सोडलाय, कुठला बंद, त्यावर कुठले बेड आहेत हे बेड नंबरसकट लिहा, कारण रात्री दोनला वॉर्डातून फोन येतो तेव्हा नाईटवाल्याकडे तेवढंच असतं.