लेसरच्या दिवशी या चुका टाळा

चष्म्याचा नंबर घालवायला आलेल्या बहुतेकांची भीती एकच: लेसर चालू असताना डोळा हलला तर? त्याची सोय मशीनमध्येच आहे. डोळा जरा सरकला तर लेसर त्याच्यामागे सरकतो, फारच हलला तर थांबतो. खरे घोळ होतात ते सकाळी घरातून निघताना आणि दुपारी घरी परतल्यावर.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे अत्तर. डिओ, आफ्टरशेव्ह, हेअर स्प्रे सगळं त्यातच आलं. त्यांच्या वाफेने लेसरच्या नेमकेपणावर परिणाम होऊ शकतो. सोबत येणाऱ्यांनीही हे पाळायचं. पेशंट साधा आणि नवरा अत्तरात न्हालेला, असं नको. काजळ आदल्या दिवसापासून बंद, कारण ते पापण्यांच्या मुळाशी चिकटून राहतं. डोक्यावरून अंघोळ सकाळीच उरका, नंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही.

"ऑपरेशन आहे" म्हणून उपाशी येऊ नका. इथे भूल फक्त थेंबांची असते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर हलकं खाऊन या. आणि परवा लग्नात 'फक्त दोन तास' कॉन्टॅक्ट लेन्स घातली असेल, तर सांगून टाका. लेन्सने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलतो आणि मोजमाप चुकतं. तारीख पुढे गेली तरी चालेल.

लॅसिकमध्ये, म्हणजे कॉर्नियाचा पातळ थर झडपेसारखा उचलून त्याखाली लेसर मारतात त्या पद्धतीत, पापण्यांना क्लिप लावतात, मग डोळा धरून ठेवणाऱ्या रिंगचा दाब येतो आणि काही सेकंद अंधारून येतं. इथे घाबरून दुसरा डोळा घट्ट मिटू नका, समोरच्या दिव्याकडे बघत राहा. केस जळल्यासारखा वास येतो, पण जळत काहीच नाही. 1981 साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीत शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्की पक्ष्यावर असाच लेसर मारून पाहिला होता. काप स्वच्छ पडला, कडा करपल्या नाहीत. कॉर्नियावर तो काही सेकंदच चालतो.

घरी गेल्यावर भूल उतरते आणि खडा गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, सगळं धुक्यातून दिसतं. चार-सहा तास हे चालायचंच. हात डोळ्याकडे जातो, तिथेच थांबवा. लॅसिकची झडप टाक्यांशिवाय, आपसूक चिकटलेली असते, चोळली तर सरकते. थेंब घालून, डोळ्यांवर शील्ड लावून सरळ झोपा. मोबाइल नको, स्वतः गाडी चालवत घरी जाणं तर नकोच. दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्या. पीआरके (झडप न करता, कॉर्नियाचा वरचा थर काढून केलेलं लेसर) झालं असेल तर मात्र दुखणं तीन-चार दिवस राहतं, तशी सुट्टी काढा.

लॅसिकनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं किंवा आलेली नजर पुन्हा अंधुक झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री लावायचा फोन नंबर आधीच कागदावर ठळक लिहून घरच्यांकडे द्या. त्या संध्याकाळी मोबाइलमधलं नाव तुम्हाला वाचता येईलच असं नाही.