वधूची साडी: निवडण्यापासून घडी घालेपर्यंत या चुका टाळा

लग्नाच्या खरेदीत सगळ्यात जास्त जीव अडकतो तो नवरीच्या साडीत, आणि सगळ्यात कमी प्रश्न विचारले जातात तेही तिच्याबद्दलच. रंग पाहिला, काठ पाहिले, खांद्यावर टाकून आरशात पाहिलं, की सौदा पक्का. मग ऐन मुहूर्ताला काष्टा आखूड पडतो किंवा सासरकडून तशीच साडी येते. कोणत्या विधीला, कशी नेसायची आणि त्यात किती वेळ पाटावर बसायचं, हे दुकानात शिरण्याआधी ठरलं की निम्म्या अडचणी उरत नाहीत.

कोणी काय आणायचं, हे न विचारणं

महाराष्ट्रात अनेक घरांत नवरी लग्नविधीला मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसते आणि नंतर शालू किंवा पैठणी. गुजरातेत पांढऱ्यावर लाल काठांचं पानेतर मामाकडून येतं, तर घरचोळा ही दुसरी साडी सासरकडून. तमिळ लग्नात कूरै पुडवै आणि केरळच्या ख्रिस्ती लग्नात मंत्रकोडी, म्हणजे लग्नाची साडी, वरपक्ष देतो. लग्न दोन प्रांतांतलं असेल तर हे आधी बोलून घ्या. समोरच्यांनी मानाने आणायचं वस्त्र आपणच हौसेनं घेऊन ठेवलं तर पैसे जातात आणि मनंही दुखावतात.

‘लग्नात पांढरं नको’ असा हट्टही धरू नका. तेलुगू लग्नातलं मधुपर्कं हे वस्त्र पांढरं आणि लाल काठाचं असतं, केरळची कसवु साडी हस्तिदंती रंगाची, आसामच्या नवरीची पाट रेशमाची मेखेला चादर (दोन तुकड्यांचा पारंपरिक पोशाख) बहुधा पांढरी किंवा मलईच्या रंगाची. त्या घरांत तोच रंग मंगल आहे. त्यावर लाल शेला टाका म्हणून सुचवणं मला तरी उद्धटपणाचं वाटतं.

एकाच कसोटीवर सगळं रेशीम तोलणं

‘साडी उलटून बघा, धागे लोंबत असतील तर नकली’ हा सल्ला पैठणीला लागू आहे. हातमागाच्या पैठणीत काठापदराची नक्षी रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणतात, म्हणून पदरावरचा मोर किंवा मुनिया मागूनही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते. पाठीमागे लांब सुटे धागे किंवा ते कापल्याच्या खुणा असतील तर ती बहुधा यंत्रमागाची सेमी पैठणी.

पण हीच कसोटी बनारसीला लावू नका. बनारसमध्ये कढुआ विणकामात प्रत्येक बुट्टी वेगळी विणतात, तिची पाठ नीटनेटकी असते. फेकवा पद्धतीत मात्र नक्षीचा धागा पन्हाभर, म्हणजे कापडाच्या रुंदीभर, मागून धावतो आणि नंतर कापतात. मागे धाग्यांची टोकं दिसली म्हणून चांगली फेकवा बनारसी नाकारणं हा विणकरावर अन्याय आहे. कांजीवरममध्ये बघायचं ते अंग आणि काठ जिथे मिळतात तिथे. कोरवै पद्धतीत दोन्ही रंगांचे धागे तिथे एकमेकांत अडकवलेले असतात आणि जोडावर बारीक करवती रेघ दिसते. पाटण पटोळ्यात विणण्याआधीच उभे-आडवे दोन्ही धागे बांधून रंगवतात, म्हणून ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि आकारांच्या कडा जराशा पसरट असतात.

लेबलांचाही घोळ होतो. २००४ साली सुरू झालेला सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, ते हातमागावर विणलंय असं नाही. त्यासाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे. जरीची हमी यातलं कोणतंच लेबल देत नाही, म्हणून जर चांदीची, तांब्याची की प्लॅस्टिकची, हे विचारून बिलावर लिहून घ्या. रेशमाची शंका असेल तर ब्लाउजपीसच्या कडेचा ताण्याचा (उभा) एक आणि बाण्याचा (आडवा) एक असे दोन्ही धागे जाळून पाहा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही धागे यासाठी, की पुष्कळदा एकच रेशमी असतो.

नऊवारीचं माप गृहीत धरणं

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. ते ब्लाउजपीस धरून की सोडून, हे विचारा. पन्हाही मोजा. उंच मुलीला अरुंद पन्ह्याची साडी नेसवली तर लांबी कितीही असो, घोटे उघडे पडतात.

शिवलेली नऊवारी सोयीची खरी, पण त्यासाठी हातमागाची पैठणी कापू नका. कापलेली साडी पुढे सहावारीसारखी नेसता येत नाही आणि लेकीसुनेला देतानाही तुकडेच हाती लागतात. शिवायचीच असेल तर सेमी पैठणी घ्या. खरी पैठणी हवी असेल तर निऱ्या आणि काष्टा कच्च्या टाक्यांनी बसवून घ्या, नंतर ते अलगद उसवता येतात. नेसून एकदा मांडी घालून बसा, वाका, सात पावलं चाला. काष्टा ओढला जातोय की नाही, ते तेव्हाच कळतं.

होमाजवळ नेट किंवा पॉलिस्टर ऑर्गन्झाची ओढणी नको. रेशीम जळून काळं पडतं, पॉलिस्टर मात्र वितळून कातडीला चिकटतं. या एका बाबतीत हौस बाजूला ठेवाच.

पिना आणि अत्तर

पिन थेट रेशमात खुपसली की पदराच्या वजनाने भोक वाढत जातं. पिनेखाली कापडाची छोटी घडी ठेवा. अत्तर साडी नेसण्याआधी लावा, जरीवर फवारू नका, जर काळवंडते. हळदीचा डाग पाणी लावून चोळला तर रेशमाची चकाकी जाते आणि डागही पसरतो. कोरड्या कापडाने टिपा आणि साडी ड्रायक्लीनला द्या. हळदीच्या कार्यक्रमाला सुती साडीच बरी.

लग्नानंतर तशीच कपाटात ठेवणं

घामाची ओल असलेली साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली की जर काळी पडते आणि बुरशीचे ठिपके येतात. आधी सावलीत वारा द्या, मग जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. जड जरीची साडी हँगरवर टांगू नका, वजनाने ती ओढली जाते. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली तरी कसर दूर राहते. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, कारण रेशीम चिरतं ते घडीच्या रेषेवरच. आईची जुनी पैठणी नेसायची असेल तर ती उजेडासमोर धरून याच रेषा आधी तपासा. विरलेली दिसली तर रफूवाल्याकडे मुहूर्ताच्या निदान महिनाभर आधी पोचवा.