स्पिटफायरचं रेडिओ-कंट्रोल मॉडेल कसं उडवावं

आर. जे. मिचेल यांनी आखलेलं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा आकाशात गेलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलानंही ते बर्माच्या आघाडीवर वापरलं. त्याच्या लंबवर्तुळाकार पंखांइतकं देखणं माझ्या मते दुसऱ्या कुठल्याच लढाऊ विमानात नाही. पण मॉडेलमध्ये देखणेपणाबरोबर मूळ विमानाच्या खोडीही उतरतात. म्हणून आधी ट्रेनरवर (शिकाऊंसाठीच्या सोप्या मॉडेलवर) आणि मग खाली पंख असलेल्या साध्या विमानावर हात बसू द्या. पहिलं स्पिटफायर १२०० मिमीच्या आसपास पंखविस्ताराचं, फोमचं घ्या. फार लहान मॉडेल वाऱ्यात हेलकावतं.

घरीच बॅटरी बसवून गुरुत्वमध्य तपासा. मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजून खूण करा आणि विमान उलटं धरून त्या खुणांवर दोन बोटांनी तोला. नाक किंचित जड असलं तर चालेल. शेपटी जड असेल तर उडवूच नका.

मैदान सरकारी हवाई नकाशावर हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात आहे ना, ते बघा. तिथे कमाल उंची १२० मीटर, आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात हवं. आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) सुरू करा, मगच विमानाची बॅटरी जोडा. सिग्नल तुटला तर मोटर बंद होते का, हे विमान घट्ट धरून तपासा. उजवीकडे स्टिक नेल्यावर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उचलला गेला पाहिजे. ही तपासणी दर उड्डाणाआधी करा, अगदी दिवसाच्या शेवटच्या उड्डाणाआधीही.

आता टेकऑफ. स्पिटफायरची चाकं एकमेकांच्या जवळ असतात आणि शेपूट जमिनीला टेकलेलं असतं. त्यामुळे विमान वळताना कलंडतं आणि घाई केली तर नाकावर पडतं. तोंड वाऱ्याकडे करा, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) थोडा ओढून धरा आणि थ्रॉटल (मोटरची ताकद) हळूहळू वाढवा. प्रोपेलरमुळे विमान डावीकडे ओढलं जाईल, तेव्हा उजवा रडर (शेपटीचं उभं सुकाणू) तयार ठेवा. शेपूट उचलताना ही ओढ आणखी वाढते. (नंतर आलेल्या ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचा प्रोपेलर उलट फिरायचा, त्यामुळे आधीच्या मर्लिन इंजिनाची सवय असलेल्या वैमानिकांना पाय बदलावा लागायचा.) वेग आला की एलेव्हेटर सैल सोडा, शेपूट वर येऊ द्या आणि विमान आपसूक उचललं जाईपर्यंत थांबा. ओढून उचललेलं स्पिटफायर लगेच एका पंखावर कोसळतं.

चाकं आत घ्या, भरपूर उंची गाठा आणि ट्रिम करा (स्टिक सोडली तरी विमान सरळ उडेल असं जुळवा). मग थ्रॉटल कमी करून एलेव्हेटर हळूहळू ओढा आणि विमान कोणत्या वेगाला एक पंख खाली टाकतं ते पाहून ठेवा. ही पायरी कधीच गाळू नका. मूळ विमानाच्या पंखाला टोकाकडे किंचित पीळ होता. त्यामुळे पंखाचा मुळाकडचा भाग आधी स्टॉल व्हायचा (म्हणजे उचल गमवायचा) आणि वैमानिकाला ती थरथर जाणवायची. जमिनीवर उभ्या असलेल्या तुमच्या हातांना काहीच जाणवत नाही. डोळ्यांनीच ओळखावं लागतं.

विमान फार लांब नेऊ नका. वरून हिरवा-तपकिरी, खालून फिका हा रंग शत्रूच्या नजरेतून निसटण्यासाठीच होता, आणि तो तुम्हालाही तितकाच फसवतो. नवीन घेत असाल तर जून १९४४ च्या नॉर्मंडी चढाईच्या वेळचे काळे-पांढरे पट्टे असलेलं निवडा. ते आपल्याच तोफांनी विमान ओळखावं म्हणून रंगवले होते. आपल्यालाही त्यांच्यामुळे विमानाची दिशा पटकन कळते.

बॅटरी अर्धी संपताच उतरायच्या तयारीला लागा. फ्लॅप (वेग कमी करायला पंखाखाली उघडणाऱ्या पट्ट्या) आधी उंचावर वापरून बघा, नाक कुठे जातं ते कळेल. बहुतेक मॉडेल शेवटच्या वळणावरच पडतात: वेग कमी, वळण तीव्र, त्यात एलेव्हेटर ओढलेला. म्हणून वळण रुंद घ्या आणि थोडा थ्रॉटल चालू ठेवूनच खाली आणा. धावपट्टी सरळ समोर दिसत नसेल तर थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी मारा. पुढची दोन चाकं आधी टेकवा, मग थ्रॉटल बंद करा. वेग उतरला की एलेव्हेटर ओढून शेपूट जमिनीला धरून ठेवा आणि विमान थांबेपर्यंत रडर सोडू नका.

थांबल्यावर आधी विमानाची बॅटरी काढा, मग ट्रान्समीटर बंद करा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घरी ठेवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा.