हृदयाची तातडीची औषधे कोणत्या द्रवात पातळ करावीत?

हृदयविकाराच्या तातडीच्या प्रसंगी शिरेतून द्यायच्या औषधाची मात्रा बहुतेकांच्या तोंडपाठ असते. ते कशात पातळ करायचे हा प्रश्न मात्र अँप्यूल फोडल्यानंतर आठवतो आणि तेव्हा हाताशी असेल ती बाटली उचलली जाते. औषध किती आम्लधर्मी आहे, हवेतल्या ऑक्सिजनने ते खराब होते का आणि ते प्लास्टिकला चिकटते का, यांवर द्रवाची निवड ठरते. पुढील माहिती परिचारिका आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या उत्पादनांत फरक असू शकतो, म्हणून हातातल्या उत्पादनाचे माहितीपत्रक आणि आपल्या रुग्णालयाची कार्यपद्धती यांनाच अंतिम मानावे.

सर्वाधिक काळजी अमिओडॅरोनची, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके आवरणाऱ्या औषधाची, घ्यावी लागते. नेहमीच्या अँप्यूलमधले हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावे, ०.९ टक्के सोडियम क्लोराइडमध्ये, म्हणजे नॉर्मल सलाइनमध्ये, त्याचा साका बसू शकतो. १५० मिलीग्रॅमचे ३ मिलीचे एक अँप्यूल १०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये घातले की तीव्रता मिलीमागे साधारण दीड मिलीग्रॅम होते आणि हे द्रावण दहा मिनिटांत देता येते. मिलीमागे २ मिलीग्रॅमपेक्षा अधिक तीव्र द्रावण तासाहून अधिक काळ चालवायचे असेल, तर हाताच्या शिरेला सूज येण्याचा धोका असल्याने मध्यवर्ती लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोचणारी नळी, लागते. मात्र फार पातळ केलेले द्रावणही अस्थिर होते, त्यामुळे ‘थोडे जास्त पाणी चालेल’ हा विचार येथे उपयोगाचा नाही. दोन तासांहून अधिक काळ चालणाऱ्या द्रावणासाठी काचेची किंवा पॉलिओलेफिनची बाटली वापरावी, कारण औषध पीव्हीसी या नेहमीच्या प्लास्टिकला चिकटते. याच लाइनमधून आधी सलाइन चालू असेल, तर ती डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यावी.

रुग्णाला मधुमेह आहे म्हणून डेक्स्ट्रोज टाळून सलाइन वापरण्याचा मोह येथे होतो. १०० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये साखर अवघी ५ ग्रॅम असते. रक्तातील साखर वाढलीच तर तिच्यावर वेगळा उपचार करता येतो. त्यासाठी द्रव बदलू नये.

रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनसाठीही डेक्स्ट्रोज असलेला द्रव श्रेयस्कर, कारण डेक्स्ट्रोज त्याचे ऑक्सिडेशन रोखतो. अ‍ॅड्रेनलिन, डोपामिन आणि डोब्युटामिन यांना डेक्स्ट्रोज व सलाइन दोन्ही चालतात. या सर्वांना वर्ज्य असतो तो सोडियम बायकार्बोनेट, कारण अल्कधर्मी द्रवात ती निष्प्रभ होऊ लागतात. बायकार्बोनेटच्या लाइनमध्ये कॅल्शियमही देऊ नये. पांढरा साका लगेच दिसतो. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचा स्वभाव याच्या उलट आहे: ते स्वतः अल्कधर्मी असल्याने नॉर्मल सलाइनमध्ये टिकते, तर आम्लधर्मी द्रवात त्याचा साका बसतो. म्हणून डोब्युटामिन किंवा मिलरिनोन चालू असलेल्या लाइनमध्ये ते ढकलू नये.

रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधांत टेनेक्टेप्लेज हे अमिओडॅरोनच्या नेमके विरुद्ध वागते. ते सोबत दिलेल्या निर्जंतुक पाण्यातच विरघळवावे. डेक्स्ट्रोज चालू असलेल्या लाइनमध्ये त्याचा साका बसत असल्याने ते देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर लाइन सलाइनने धुवावी. कुपी गोलाकार फिरवावी, जोराने हलवू नये, नाहीतर फेस होतो.

डिगॉक्सिन पातळ करायचेच असेल तर किमान चौपट करावे, कारण त्याहून कमी द्रवात ते विरघळलेले राहत नाही. सलाइन, डेक्स्ट्रोज किंवा निर्जंतुक पाणी यांपैकी काहीही चालते. अ‍ॅडेनोसिन सहसा पातळ न करताच, एक-दोन सेकंदांत, मोठ्या शिरेत द्यावे आणि लगोलग २० मिली सलाइनचा फ्लश द्यावा, म्हणजे ते सलाइन जोराने ढकलून औषध पुढे न्यावे. ते फ्रिजमध्ये ठेवल्यास स्फटिक बनतात.

नायट्रोग्लिसरिनला डेक्स्ट्रोज आणि सलाइन दोन्ही चालतात. अडचण असते ती नळीची. साध्या पीव्हीसीच्या नळीत औषधाचा बराच भाग अडकतो, आणि मध्येच नळी बदलून पीव्हीसीविरहित लावली तर तोच वेग ठेवूनही रुग्णाला अचानक अधिक औषध मिळून रक्तदाब खाली येऊ शकतो. सोडियम नायट्रोप्रुसाइड केवळ ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पातळ करून प्रकाशापासून झाकून ठेवावे. फिकट तपकिरी छटा चालते. निळे, हिरवे किंवा गडद लाल झालेले द्रावण फेकून द्यावे.

तोंडी आदेश देताना द्रवाचे नाव टक्केवारीसह उच्चारावे आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावे. बाटलीवरच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव, एकूण मिलीग्रॅम, एकूण मिली आणि तयार केल्याची वेळ यांच्याबरोबर द्रवाचे नावही लिहावे, कारण पाळी बदलल्यावर येणाऱ्या परिचारिकेला फ्लश कशाचा द्यायचा हे त्यावरूनच कळते.