दोघांनी महिनाभर रेल्वेनं देश फिरायचा तर

महिनाभराच्या रेल्वेप्रवासाचं गणित बहुतेक जण नकाशावर मांडतात. ते मांडावं रात्रींवर. तीस रात्रींपैकी गाडीत फार तर दहा, उरलेल्या वीस जमिनीवर. गाडीत सलग दोन रात्री चालतील, तिसरी नाही. दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेस चार हजारांवर किलोमीटर धावते आणि तीन दिवसांहून जास्त वेळ घेते. तिचं तिकीट काढायचा मोह होतो. पण तिसऱ्या दिवशी डब्यात पाणी, झोप आणि एकमेकांशी बोलायचे विषय, तिन्ही संपत आलेले असतात. तिचा एखादा टप्पा पकडा, सगळी नको.

मुंबईहून निघून मुंबईत परतायचं धरलं तर तीस रात्रींची मांडणी अशी बसते. पहिल्या दिवशी कोकण रेल्वेनं मडगाव, तिथं दोन रात्री. एक रात्र गाडीत, मग कोची दोन. पुन्हा गाडी, मग मदुराई-रामेश्वरम मिळून तीन. तिथून रात्रीच्या गाडीनं चेन्नई, दिवसभर शहर पाहून त्याच रात्री ओडिशाची गाडी. सलग दोन रात्री गाडीत जातात त्या एवढ्याच. पुरी दोन, एक गाडीत, कोलकाता दोन, एक गाडीत, दार्जिलिंग तीन. मग गाडी, वाराणसी दोन, गाडी, सिमला दोन, गाडी, जोधपूर दोन आणि शेवटची रात्र मुंबईच्या गाडीत. रामेश्वरम आणि दार्जिलिंगची तिसरी रात्र मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. साधारण नवव्या आणि विसाव्या रात्री अंग दुखायला लागतं, कपडे संपतात, एखाद्याचं पोट बिघडतं. त्या दिवशी काहीही पाहायचं ठरवू नका.

दिशा हीच ठेवा, आधी दक्षिण आणि शेवटी उत्तर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघालात तर तमिळनाडूतला ईशान्य मोसमी पाऊस संपलेला असतो आणि तुम्ही गंगेच्या मैदानात पोहोचाल तेव्हा धुकंही ओसरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत त्याच पट्ट्यात गाड्या पाच-सात तास उशिरा धावणं नवलाचं नाही. दिवाळी ते छठ हा काळ उत्तर प्रदेश-बिहारच्या गाड्यांसाठी बादच समजा. होळीची तारीख मात्र आधी बघा, कारण तिच्या आधीच्या आठवड्यातही तीच गत असते.

तिकिटं: साठ दिवस आणि त्यातली मेख

आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते एकशेवीस दिवस होतं. महिन्याच्या प्रवासात याचा अर्थ असा की पहिला टप्पा उघडतो तेव्हा शेवटचा उघडायला अजून महिना असतो. आणि शेवटचं तिकीट उघडेल तेव्हा निघायला तीसच दिवस उरलेले असतात, अर्धे पैसे गुंतलेले असतात. म्हणून वहीत प्रत्येक टप्प्यासमोर तीन गोष्टी लिहा: आरक्षण उघडण्याची तारीख, पहिल्या पसंतीची गाडी आणि ती भरली तर पर्यायी गाडी. मुक्कामाच्या खोल्या शक्यतो फुकट रद्द करता येतील अशाच घ्या.

तारीख मोजताना एक चूक हमखास होते. साठ दिवस मोजले जातात ते गाडी तिच्या मूळ स्थानकावरून सुटते त्या तारखेपासून. तुमच्या स्थानकावर गाडी दुसऱ्या दिवशी येत असेल तर आरक्षण तुमच्या हिशोबापेक्षा एक दिवस आधीच उघडलेलं असतं. मध्यरात्रीच्या गाड्यांची गंमत वेगळी. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००.२० असेल तर ११ च्या रात्री जेवून स्टेशन गाठायचं. १२ च्या रात्री पोहोचलेल्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

आयआरसीटीसीचं, म्हणजे रेल्वेच्या तिकीट-संकेतस्थळाचं, खातं दोघांनी वेगवेगळं काढा आणि आधारशी पडताळून घ्या. पडताळणी नसेल तर एका खात्यावर महिन्याला बाराच तिकिटं निघतात, असेल तर चोवीस. शिवाय जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ पडताळणीशिवाय मिळत नाही, आणि आरक्षण उघडतानाचा सुरुवातीचा वेळही पडताळलेल्या खात्यांसाठीच राखलेला आहे. हे काम निघायच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रतीक्षा यादीचे प्रकार समजून घ्या. गाडी जिथून सुटते तिथल्या जनरल प्रतीक्षा यादीतली तिकिटं सर्वात लवकर पक्की होतात. मधल्या स्थानकांना रिमोट लोकेशन किंवा पूल्ड कोटा, म्हणजे मोजक्याच राखीव जागा, असतो; त्यात प्रतीक्षा आठ-दहा असली तरी आशा कमीच. मधल्या स्थानकावरून चढायचं असेल आणि कोटा संपला असेल, तर तिकीट मूळ स्थानकापासून काढा आणि ‘बोर्डिंग’ आपल्या स्थानकाचं टाका. भाडं थोडं जास्त पडतं, बर्थ मिळतो. मात्र बोर्डिंग बदललं की आधीच्या स्थानकावरून चढायचा हक्क जातो. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट (बर्थवाटपाची अंतिम यादी) लागल्यावर पूर्ण प्रतीक्षेतच राहिलं तर आपोआप रद्द होतं, आणि खिडकीवरच्या प्रतीक्षा तिकिटावर आता शयनयान किंवा वातानुकूलित डब्यात बसू देत नाहीत. ‘बघू, टीसीला सांगू’ हा जुना उपाय विसरा.

आरएसी, म्हणजे बर्थ नाही पण बसायची जागा नक्की देणारं तिकीट, मात्र दोघांसाठी तितकं वाईट नाही. एक साइड लोअर बर्थ दोन आरएसीवाल्यांत वाटला जातो आणि एकाच तिकिटावर दोघं असाल तर बहुधा तुम्हीच एकमेकांचे वाटेकरी होता. झोप अर्धीच मिळते, पण अनोळखी माणसाच्या पायांशी तरी भांडावं लागत नाही.

सर्क्युलर जर्नी तिकिटाबद्दल बरेच जण विचारतात. सुरुवात आणि शेवट एकाच स्थानकावर असला तर रेल्वे सगळ्या फेरीचं एकच तिकीट देते. अंतर वाढतं तसा दर घटत जातो, त्यामुळे तुकड्या-तुकड्यानं काढलेल्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडतं. अर्ज मोठ्या स्थानकावर किंवा विभागीय वाणिज्य कार्यालयात करायचा, ऑनलाइन मिळत नाही. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं, म्हणजे वरच्या आराखड्यातला किमान एक मुक्काम गाळावा लागेल. तिकीट हातात आलं तरी प्रत्येक टप्प्याचं आरक्षण खिडकीवर वेगळं करावं लागतं. खिडकीवर दोन-तीन अर्धे दिवस घालवायची तयारी असेल तर जरूर घ्या. नसेल तर वेगवेगळी तिकिटं काढून सुटसुटीत राहा.

कुठले दोन बर्थ मागायचे

रात्रीच्या प्रवासाला थर्ड एसी पुरेसं आहे. दोघांसाठी त्यातली उत्तम जोडी म्हणजे साइड लोअर आणि साइड अपर. शयनयान आणि थर्ड एसीत प्रत्येक कप्प्यात आठ बर्थ: १ आणि ४ लोअर, २ आणि ५ मिडल, ३ आणि ६ अपर, ७ साइड लोअर, ८ साइड अपर. म्हणजे आठच्या पाढ्यातला आकडा आणि त्याच्या आधीचा, ही तुमची जोडी. दिवसा साइड लोअरवर साइड अपरवाल्याचा बसायचा हक्क असतो. दोन्ही तुमचेच असले की समोरासमोर दोन जागा आणि एक अख्खी खिडकी दिवसभर तुमची. मधला बर्थ कधी उघडायचा यावरून होणारी कुरबुर नाही. तोटा एवढाच की साइड बर्थ आखूड असतो. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर पाय मुडपून झोपावं लागतं. त्या माणसानं एखादी रात्र सहन करावी किंवा सरळ ३ आणि ६ मागावेत. डब्याच्या दोन्ही टोकांचे कप्पे टाळा. दार रात्रभर आपटतं आणि स्वच्छतागृहाच्या वासाबद्दल न बोललेलं बरं.

सेकंड एसीत सहाचा हिशोब: १ आणि ३ लोअर, २ आणि ४ अपर, ५ आणि ६ साइडचे. पडदे असतात. सलग दोन रात्री गाडीत असतील तिथं दुसरी रात्र सेकंड एसीची घ्या, तो खर्च सत्कारणी लागतो. फर्स्ट एसीत दोन बर्थांचा कूपे असतो, पण तो मिळेल की चौघांची केबिन हे चार्ट लागताना ठरतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर एवढे पैसे घालायचे का ते ठरवा. तिकीट काढताना ‘सगळे बर्थ एकाच डब्यात असतील तरच’ हा पर्याय निवडायला विसरू नका.

दिवसाचे टप्पे मात्र वेगळे. मडगावला जाताना वातानुकूलित डब्याच्या मळकट काचेतून रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवल पूल पाहण्यात काही मजा नाही. मांडवी एक्स्प्रेसचा शयनयान डबा घ्या किंवा मोठ्या काचांचा विस्टाडोम असलेली गाडी. रामेश्वरमला जाताना समुद्रावरचा नवा पांबन पूल, जो एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, उजेडात ओलांडेल अशीच गाडी निवडा. अंधारात तो नुसता खडखडाट आहे.

डोंगरातल्या छोट्या गाड्यांचा अतिरेक नको. न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग ८८ किलोमीटरला सात तासांहून जास्त लागतात. वर जीपनं जा आणि दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग अशी दोन तासांची फेरी करा, बघण्यासारखं जवळपास सगळं त्यात येतं. कालका-सिमला ९६ किलोमीटर, पाच-सहा तास. ही मात्र पूर्ण करावी, चढताना. उतरताना रस्त्यानं पहाटे निघा, म्हणजे त्या रात्रीची जोधपूर गाडी दिल्लीत पकडता येईल. निलगिरीची गाडी हवी असेल तर मेट्टुपालयम-उटी ४६ किलोमीटरच्या जागा अगदी थोड्या असतात आणि लगेच संपतात. न मिळाल्यास कुन्नूर-उटी एवढाच तुकडा करा. तो सोपा आहे, पण दातेरी रुळांचा चढ त्यात नाही, तो कल्लार ते कुन्नूरमध्ये आहे.

गाड्यांच्या मधल्या जागा

प्रवास बिघडतो तो गाडीत नाही, एका गाडीतून उतरून दुसरी पकडण्याच्या मधल्या वेळात. एकाच दिवशी दोन लांब गाड्या जोडायच्या तर मधे किमान सहा तास ठेवा. आणि स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. कोलकात्यात हावडा, सियालदह, शालिमार आणि कोलकाता ही चार वेगळी स्थानकं. दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंद विहार. चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर. रामेश्वरमची गाडी एकीकडे पोहोचते आणि ओडिशाची दुसरीकडून सुटते, हे ठरलेलंच समजा. वाराणसीला जाताय असं म्हणत पंडित दीनदयाळ उपाध्याय, म्हणजे जुन्या मुगलसरायला उतरावं लागलं तर शहरापर्यंतचा तासभर आणखी धरा.

एकाच दिवसातल्या दोन गाड्यांचे पीएनआर (तिकिटावरचे आरक्षण क्रमांक) एकमेकांना जोडता येतात. पहिली उशिरा येऊन दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापले जात नाहीत. दोन्ही तिकिटांवर नावं, वय अगदी सारखी हवीत. एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे आद्याक्षर असलं की जोडणी होत नाही. तुमच्या स्थानकावर गाडीच तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि जायचं नसेल तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे परत मिळतात. गाडी सुटल्यावर भरलेल्या अर्जाचा उपयोग नाही.

मधल्या दिवसासाठी क्लोक रूम वापरा. बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत, म्हणून सॅकच्या चेनला बसेल असं छोटं कुलूप जवळ असू द्या. आंघोळीसाठी रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनवरचीच खोली, पीएनआरवर मिळते. बारा तासांची घेतली तरी पुरते.

सामान आणि पोट

माणशी एकच पाठीवरची सॅक, ४०-४५ लिटरची. चाकांची बॅग जिन्यावर आणि बर्थखाली दोन्हीकडे अडते. पाच जोड कपडे, त्यातला एक गरम. दार्जिलिंगला फेब्रुवारीअखेरीस रात्री चांगलीच थंडी असते. सॅका बांधायला दीड मीटर साखळी, एक जाड चादर (शयनयानात अंथरूण मिळत नाही), दोन पॉवर बँक. काही गाड्यांत रात्री अकरा ते पाच चार्जिंग बंद ठेवतात, म्हणून फोन संध्याकाळीच भरून घ्या. विजेची किटली मात्र घरी ठेवा. डब्यात ती लावायला सक्त मनाई आहे, आणि दोन कप चहासाठी सगळ्या डब्याची वीज घालवणं शोभत नाही.

दोन-तीन मिनिटं थांबणाऱ्या स्थानकावर कोच इंडिकेटर (कुठला डबा कुठं येणार ते दाखवणारा फलाटावरचा फलक) बघून आपल्या डब्याच्या जागी आधीच उभं राहा. एकानं रिकाम्या हातानं चढायचं, दुसऱ्यानं सॅका वर द्यायच्या आणि मग स्वतः चढायचं. उतरताना उलट.

निघताना दूध घालून मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडा चिवडा. दशम्या दोन दिवस टिकतात, धपाटी एकच. गाडीत पीएनआरवर बाहेरून जेवण मागवता येतं. दहा मिनिटांहून जास्त थांबा असलेलं मोठं स्थानक निवडा आणि निदान दोन तास आधी मागवा. पाणी रेल नीरचं, म्हणजे रेल्वेचं बाटलीबंद, घ्या, एक लिटर १४ रुपये. सुटे पैसे हातात असले की खिडकीतून व्यवहार पटकन होतो. डब्यात काही बिघडलं, स्वच्छतागृह तुंबलं किंवा कुणी बर्थ अडवला तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करा, पुढच्या मोठ्या स्थानकावर बहुधा माणूस येतो.

कामं वाटून घ्या आणि दर आठवड्याला बदला: एकाकडे तिकिटं, ओळखपत्रं आणि वेळा, दुसऱ्याकडे सामान, पाणी आणि जेवण. दोघंही वेळापत्रक बघू लागले की दोघंही बघत नाहीत. आणि प्रत्येक मुक्कामात एक दुपार वेगवेगळी काढा. चौदा तास दीड फुटावर बसलेल्या माणसाला पुन्हा रिक्षात शेजारी बसवण्याआधी चार तास एकटं सोडलेलं चांगलं. भेटायची जागा आणि वेळ फक्त कागदावर लिहून ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.