कोकणातून नाशिकला येताय? आधी अंगणाकडे बघा

सातपूर-अंबडला नोकरी लागते, आपली माणसं इकडे येतात, मग पाथर्डी फाट्याला नाहीतर मखमलाबादला प्लॉट घेतात. तिथून पुढे तेच ते घोटाळे होताना बघतोय, म्हणून हे लिहितोय.

उन्हाचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, पण हवा कोरडी. घाम अंगावरच सुकतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. तहान लागायची वाट बघू नका.

आता मुख्य. प्लॉट ताब्यात आला की मे महिन्यात जेसीबी लावून जमीन चकाचक करू नका. पुन्हा सांगतो, करू नका. उघडी माती दिसली की गाजरगवत आलंच. मूळचं हे अमेरिका खंडातलं, आयात गव्हाबरोबर आपल्याकडे आलं, पुण्यात १९५५च्या सुमारास दिसलं आणि देशभर पसरलं. एकेका झाडाला हजारोंनी बी. जूनमध्ये कोवळं दिसतं, गणपतीपर्यंत कमरेला लागतं. मग खाज, पुरळ, कुणाला दमा, आणि दरवर्षी मजुरीचा खर्च. फुकट मिळते म्हणून कुठलीही मातीची ट्रॉली टाकून घेतलीत तरी तेच बी घरात येतं. माती ओली असताना, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं.

आणि पावसाच्या तोंडावर टाकळ्याचं बी फेका. टाकळा दाट उगवतो, गाजरगवताला जागाच ठेवत नाही, शिवाय कोवळ्या पानांची भाजी होते. शेजारी म्हणतील रान माजवलंय. म्हणू देत. नाशिककर मनाने मोकळे, पण अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवायची इथे भारी हौस. आपली माणसं मात्र वर्षभर मासळीच्या आठवणीच काढत बसतात, शेजारच्या शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारत नाहीत.

गोदावरीतल्या पाणवेलीची फुलं सुंदर दिसतात. घरच्या टाकीत आणू नका.

कोंबड्या जरूर पाळा, गावठीच. माणसाळतात फार. संध्याकाळी ओट्यावर बसलं की आमची ठिपक्यांची तलंग गुडघ्याशी येते, चोचीने लेंगा ओढते आणि मूठ उघडेपर्यंत हलत नाही. पण कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली, पंख अंगापासून सुटे धरले, की ताबडतोब सावली आणि गार पाणी. दाणे सकाळी लवकर टाका, दुपारी नको. शेजारी पोतंभर कांदा फुकट देतील. तो घरात खा, कोंबड्यांना घालू नका. कांद्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची, लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या.

खुराडं गावाकडच्यासारखं पत्र्याखाली बांधू नका, इथे त्याची भट्टी होते. घराच्या पूर्वेला बांधा, म्हणजे दुपारनंतर भिंतीची सावली मिळते. वर गोणपाट टाका आणि दुपारी दोनदा भिजवा. जाळी मात्र बारीक घ्या, मुंगूस इथेही आहेत.